सहावं पान

मी चिडकी बाई आहे. शाळेत हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बारामतीहून सकाळची एसटी धरायची, इंदापूर रस्त्यावरच्या एका गावातल्या हायस्कूलला जायचं, विज्ञान शिकवायचं आणि संध्याकाळी परत यायचं, याला आता सव्वीस वर्षं झाली. पूर्वी चिडायचे तेव्हा निदान आत काहीतरी उकळायचं. गेली काही वर्षं नुसता आवाज चढतो, आत काही हलत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वयाचं आहे, रोज चालत जा. मी स्टँडपर्यंत चालत जायला लागले. बाकी काही फरक पडला नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला बारामतीत दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला आलेला तज्ज्ञ माझ्या पहिल्या बॅचच्या पोरांपेक्षाही लहान दिसत होता. प्रत्येक मूल वेगळं असतं, प्रत्येकाची शिकण्याची रीत वेगळी असते, आणि शाळेत आपण कशासाठी येतो हे एकदा मुलाला कळलं की त्याला ढकलावं लागत नाही, असं तो सांगत होता. मग म्हणाला, ‘‘आता तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटा आणि सकाळी तुम्ही कशासाठी उठता ते आठवा.’’ मी डोळे मिटले. दूध तापवून ओट्यावरच राहिलंय, ते फ्रीजमध्ये ठेवलं नाही, एवढंच आठवलं.

थट्टा राहू द्या. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. त्यानं आम्हाला एक पुस्तिका दिली होती, ‘माझी वाट’ नावाची, दर मुलामागे एक. त्यातली पहिली तीन पानं मुलानं स्वतः लिहायची. मला काय आवडतं, माझ्या हातांना काय येतं, कुणाच्या उपयोगी पडावंसं वाटतं. मग वर्गशिक्षकानं त्या मुलाला एकट्याला घेऊन वीस मिनिटं बसायचं, बोलायचं, आणि दोन पानांवर टिपणं काढायची. सहावं पान वर्गशिक्षकाचं. मुलाचा कल काय, त्यानं कुठल्या वाटेनं जावं, ते तिथं लिहायचं. खाली सही आणि शाळेचा शिक्का.

माझ्याकडे नववी ब होती, बावन्न मुलं. सायकल स्टँडच्या सावलीत दोन खुर्च्या टाकून मी सुरुवात केली. अकरा मुलांशी बोलले, अगदी मनापासून. एक मुलगा म्हणाला, कळपातलं कुठलं मेंढरू आजारी पडणार हे मला आदल्या दिवशी कळतं. एक मुलगी वीस मिनिटं गप्प बसून राहिली आणि उठताना म्हणाली, ‘‘मॅडम, उद्या सांगू का? असं कुणी कधी इचारलंच न्हाय.’’ तिचा उद्या काही आला नाही. घटक चाचण्या आल्या, मतदारयाद्यांचं काम आलं, क्रीडास्पर्धा आल्या. खुर्च्या शिपायानं कधी उचलून आत नेल्या तेही मला कळलं नाही.

फेब्रुवारीत निरोप आला, शुक्रवारपर्यंत सगळ्या पुस्तिका भरून अपलोड करा. मग आम्ही जे नेहमी करतो तेच केलं. स्टाफरूममध्ये चहा मागवला आणि भरायला बसलो. यात आमची एक खोड आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. सगळं एका बैठकीत लिहिलंय हे ओळखू येऊ नये म्हणून आम्ही तीन पेनं घेऊन बसतो. एक निळं, एक काळं, एक जेल. थोडी मुलं या पेनानं, थोडी त्या. अक्षरही मध्येच जरा तिरकं काढायचं. दुसरी खोड म्हणजे मुलांची पानं आम्ही पेन्सिलनं लिहून घेतो. पोरांनी काही भलतंसलतं लिहिलं तर वरून कुणी बघायला येण्याआधी खोडता यावं म्हणून. हा नियम कुणी काढला माहीत नाही, पण ‘पेन्सिल काढा’ असं वर्गात ओरडून मीच सांगितलं होतं.

दोन दुपारींत मी एकेचाळीस सहावी पानं भरली. हजेरीच्या क्रमानं. मुलगे असले तर पोलीस, सैन्य, इंजिनिअर, कृषी अधिकारी. मुली असल्या तर शिक्षिका, परिचारिका, बँक. सदतीस नंबरला परिचारिका आली, कारण छत्तीसला मी शिक्षिका लिहिलं होतं. ‘स्वभाव शांत. सेवाभावी वृत्ती. निरीक्षण उत्तम. परिचारिकेच्या क्षेत्रात नाव काढेल.’ हेच शब्द त्या दोन दिवसांत मी आठ मुलींना लिहिले. काही वाटलं नाही. चहा गार झाला होता, तेवढं लक्षात आहे.

सदतीस नंबरची मुलगी उंच, किडकिडीत, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचं एकच बोलणं मला आठवतं. वर्गात नवा मोठा टीव्ही बसवला होता आणि मुख्याध्यापक, सरपंच, सगळे समोर उभे असताना तो सुरूच होईना. मी बटणं दाबत होते. मागून ती म्हणाली, ‘‘मॅडम, टीव्ही चांगला हाय. बोर्डात लूज हाय.’’ मी म्हटलं, ‘‘तू खाली बस.’’ ती बसली. दोन दिवसांनी वायरमन आला, बोर्ड उघडला, एक स्क्रू आवळला आणि गेला. तेव्हाही मी दोन गोष्टींची सांगड घातली नाही.

पालकसभेत पुस्तिका वाटल्या. तिच्या घरून आजोबा आले होते. बाप कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, हंगामात घरी नसायचाच, त्यामुळे घरातलं सगळं या आबांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, सहावं पान काढलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, एवढं वाचून दावा.’’ मी वाचलं. ‘‘पुन्यांदा एकदा.’’ मी पुन्हा वाचलं, जरा तुटकपणे, कारण माझी साडेचारची गाडी चुकणार होती. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि पुस्तिका पिशवीत ठेवली.

दहावीला तिला मी फक्त विज्ञानाला होते. विजेच्या धड्यावर चाचणी घेतली, तिला पैकीच्या पैकी पडले. मी शाबास म्हटलं आणि पुढचा पेपर हातात घेतला.

निकाल लागल्यावर एका सकाळी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं पेढे आणले असतील.

‘‘मॅडम, सहाव्या पानावरचं तुमीच लिहिलंय ना?’’

‘‘हो. का गं?’’

‘‘न्हाय, मला कधी विचारलं न्हवतं तुमी.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग तिनं हळूहळू सांगितलं. तिला इंदापूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला जायचं होतं. फॉर्मची मुदत शनिवारी संपत होती. पण आबांनी बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यातला वर्षाचा रुग्णसेविकेचा कोर्स ठरवून टाकला होता. शाळेनं लिहून दिलंय म्हणून. आईनं सांगून झालं, बापानं फोनवरून सांगून झालं.

‘‘तुमी एकदा येऊन आबांना सांगा ना, की ते असंच लिहिलं हुतं.’’

‘‘असंच म्हणजे?’’ माझा आवाज चढला. शेजारच्या मॅडमनी वर बघितलं. ‘‘असंच म्हणजे काय गं?’’

ती मागे सरली नाही. गेलीही नाही. तिथंच उभी राहिली, आणि मग मलाच खाली बघावं लागलं.

मुख्याध्यापकांना विचारलं, कारण शिक्का त्यांचा होता. त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, ‘‘जा, सांगा. पण तोंडी सांगा. लेखी काही देऊ नका.’’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर वस्तीवर गेले. कॅनॉलच्या कडेनं वीसेक मिनिटांची वाट. एरवी न बोलणारी पोर वाटेत सारखी बोलत होती. घरची मोटार तीच सांभाळते, शेजारच्या वस्तीवरची माणसंसुद्धा स्टार्टर दाखवायला तिलाच बोलावतात, आयटीआय झालं की जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं स्वतःचं दुकान टाकायचं, पाटीवर काय लिहायचं तेही ठरलंय. विहिरीवरची मोटार चालू होती. ती बोलता बोलता मध्येच थांबली, मान तिरकी केली आणि पळतच पत्र्याच्या खोलीत शिरली. मोटार बंद झाली. बाहेर येऊन ओढणीला हात पुसत म्हणाली, ‘‘एक फेज गेला. आवाज बदलला ना मगाशी? तशीच चालली असती तर जळाली असती.’’ मला काहीच बदललेलं ऐकू आलं नव्हतं. मी पंचवीस वर्षं वीज शिकवत होते.

आबांनी अंगणात खुर्ची टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी काही बोलायच्या आधीच ते घरात गेले आणि एक कागद घेऊन आले. सहावं पान. पुस्तिकेतून नीट कापून काढलेलं आणि लॅमिनेशन केलेलं. ‘‘इंदापुरात तहसीलपाशी सातबारा करून घ्यायला गेलो हुतो,’’ आबा म्हणाले. ‘‘तितंच ह्येबी करून आणलं. आता भिजायची भीती न्हाय.’’

माझंच अक्षर होतं. काळं पेन, जरा तिरकं काढलेलं.

मी म्हटलं, ‘‘आबा, हे मी तिला न विचारता लिहिलंय. मी तिच्याशी बोललेच नव्हते.’’

त्यांचा चेहरा उजळला. ‘‘आन् न इचारता वळखलंत! मॅडम, ह्येला पारख म्हनायची. आमच्या चार पिढ्यांत कुनी आमच्या पोरीबाळींकडं इतकं बघितलं न्हाय. शांत सोभाव. सेवाभावी. निरीक्षण उत्तम.’’ त्यांना वाचता येत नव्हतं. सगळं पाठ होतं.

‘‘तसं नाही आबा. मी आठ मुलींना हेच लिहिलंय. वेळ नव्हता म्हणून लिहिलं. चूक झाली माझी.’’

ते हसले. नातीकडे बघून म्हणाले, ‘‘पोरीनं लईच गळ घातलेली दिसतिया तुमाला. तिच्यासाठी सोताकडं कमीपना घेताय. मन मोठं हाय तुमचं. पर मॅडम, शिक्का काय खोटा असतोय व्हय?’’

मला चीड यायला हवी होती. आली नाही. मी तिला म्हटलं, ‘‘तुझी पुस्तिका आण.’’ तिनं फळीवरून आणली. सहावं पान कापलेल्या जागी बाइंडिंगजवळ नुसती पट्टी राहिली होती. मी पहिलं पान उघडलं. तोवर मी ते एकदाही वाचलं नव्हतं. ‘मला काय आवडतं’ याच्या खाली तिनं लिहिलं होतं, ‘मला मोटारीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते शोधायला आवडतं.’ दुसऱ्या पानावर स्टार्टरचं चित्र होतं, नीट नावं देऊन. मी सहाव्या पानावर परिचारिका लिहीत होते तेव्हा हे पाच पानं अलीकडे होतं. पुस्तिका माझ्याच हातात होती.

मी ते आबांना वाचून दाखवलं. सगळं, सावकाश. त्यांनी पान उन्हात धरलं, अंगठ्यानं एक ओळ घासली. अक्षर पुसट झालं.

‘‘ह्ये पेन्सिलीनं हाय,’’ आबा म्हणाले. रागानं नाही, समजावून सांगावं तसं. ‘‘पोरं काय, आज एक लिवत्यात, उद्या खोडत्यात. पक्कं असतं तर तुमीच पेनानं लिवून घेतलं असतंत की.’’

मी पुस्तिका मिटून मुलीच्या हातात दिली. चहा आला. मी प्यायले. निघताना मुलगी रस्त्यापर्यंत आली. ‘‘उद्या परत येता का मॅडम?’’ तिनं विचारलं. ‘‘पप्पा उद्या घरी हायेत. दोघांनी मिळून सांगितलं तर ऐकतील.’’

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. शुक्रवारी गेले नाही. कामं होती असं मी इतरांना सांगत आले, पण कामं रोजच असतात. मला कंटाळा आला होता, एवढंच खरं आहे. ते ऊन, ती कॅनॉलची वाट, पुन्हा तोच चहा आणि पुन्हा माझ्या मोठ्या मनाचं कौतुक. शनिवारी मी स्टाफरूममध्ये बसून पाचवीच्या प्रवेशाचे दाखले तपासले. मुदत संपली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिका आल्या तेव्हा मी वर्गात पेनं वाटली. ‘‘पेन्सिल आत ठेवा,’’ म्हटलं. मुलं बावरली. एका मुलीनं विचारलं, ‘‘मॅडम, चुकलं तर?’’ मी म्हटलं, ‘‘चुकू दे. काट मार आणि बाजूला लिही.’’ मुख्याध्यापकांना खाडाखोड आवडली नाही, त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. मुलांशी बोलणंही मी पुरं केलं, बावन्नच्या बावन्न, मधल्या सुट्टीत आणि गाडी सुटेपर्यंत थांबून. यात मोठेपणा काही नाही. वीस मिनिटं बसायचं आणि ऐकायचं, एवढंच ते काम होतं. ते आधीही जमलं असतं.

या पावसाळ्यात गुडघा सुजला म्हणून बारामतीत एका दवाखान्यात एक्सरे काढायला गेले. तळमजल्यावर गर्दी होती. चाकाच्या खुर्चीत बसवून मला आत न्यायला एक मुलगी आली. फिकट निळा गणवेश, केस जाळीत बांधलेले. ‘‘मॅडम!’’ म्हणाली. कोर्स संपून ती तिथंच कामाला लागली होती. आबा कसे आहेत विचारलं. बरे आहेत म्हणाली. तो कागद आता देवघराशेजारी खिळ्याला टांगलाय, आल्यागेल्याला दाखवतात. सांगताना ती हसली, आणि त्यात टोमणा नव्हता.

एक्सरेच्या खोलीबाहेर आम्ही थांबलो होतो, एवढ्यात आतलं मशीन बंद पडलं. धावपळ सुरू झाली. कुणी म्हणे मशीन बिघडलं, कुणी कंपनीला फोन लावत होतं, लोकांना उद्या या म्हणून सांगायला सुरुवात झाली. ती माझ्या खुर्चीमागं उभी होती. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘मशीनला काय झालं न्हाय. एक फेज गेलाय. बघा, ह्या बाजूचे दिवे चालू हायेत, त्या बाजूचे बंद.’’

‘‘मग सांग ना त्यांना.’’

‘‘मला कोण विचारतंय मॅडम?’’

पाऊण तासानं बाहेरून वायरमन आला, बोर्डाजवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘‘अहो, एक फेज गेलाय नुसता.’’ सगळ्यांना हायसं वाटलं. एकानं त्याला चहा सांगितला. ती तोवर तशीच माझ्यामागं उभी होती, दोन्ही हात खुर्चीच्या मुठींवर.

मी मान वळवून विचारलं. इतक्या उशिरा कशाला विचारलं, मला माहीत नाही. ‘‘तुला काय करायला आवडतं गं आता?’’

तिनं जरा विचार केला. ‘‘आता काय न्हाय तसं. बरंय हितं.’’

मोटारीचा बदललेला आवाज मला त्या दिवशी विहिरीवर कळला नव्हता. तिचा हा कळला. त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच हलत नव्हतं. हा आवाज मी रोज सकाळी वर्गात शिरताना काढते. मला लाज वाटली. कितीतरी वर्षांनी काहीतरी वाटलं, ते हे.

‘‘पाय वर घ्या मॅडम,’’ ती म्हणाली. वाकून तिनं माझा सुजलेला पाय उचलून खुर्चीच्या पाय टेकायच्या पट्टीवर नीट ठेवला आणि खुर्ची आत ढकलली.